दोन पाकळ्यांची शाळा

आमच्या घरातली शाळा शिटीवर चालायची. एक शिटी म्हणजे थांब, दोन शिट्या म्हणजे चल. पप्पा डिचोली ते पणजी धावणाऱ्या एका खाजगी बसचे कंडक्टर, त्यामुळे घरात आणखी कशाची टंचाई असली तरी शिट्यांची नव्हती. खरं तर आईला घंटा हवी होती, शाळेसारखी. पण देवघरातली घंटा वाजवली की शेजारच्या शांताकाकी आरती सुरू झाली असं समजून कापूर घेऊन यायच्या, आणि आल्या की दुपारपर्यंत हलायच्या नाहीत. मग पप्पांनी आपली एक जुनी शिटी सुतळीत ओवून आईच्या गळ्यात घातली. मंगळसूत्राशेजारी शिटी आणि हातात उलथनं, असा आमच्या मुख्याध्यापिकेचा थाट. पेजेच्या टोपावर एक डोळा ठेवून ती दोन शिट्या मारायची आणि माझी धाकटी बहीण मंजू, त्या शाळेची एकुलती एक विद्यार्थिनी, जनेलाजवळच्या मेजापाशी जाऊन बसायची. खिडकी आणि टेबल हे शब्द आमच्याकडे फक्त पुस्तकात असायचे, बोलण्यात जनेल आणि मेजच.

मंजू घरात बोलायची, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की ती मुकी होती. मुकी कसली! सकाळी डोळे उघडले की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. मांजराला दम भरायची, तांदळातल्या खड्यांना नावं ठेवायची, ओसरीवर पाट मांडून बस करायची आणि पप्पांचा आवाज काढून आम्हाला मागे मागे कोंबायची, "फाटी चल, फाटी चल, जागो आसा!" सर्वणच्या आमच्या घराला तीन बाजूंनी माडापोफळींचं कुळागर आणि चौथ्या बाजूला रस्ता. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही तिचा आवाज ऐकू जायचा. पण तिचं पाऊल उंबरठ्याबाहेर पडलं, किंवा बाहेरचं माणूस उंबरठ्याच्या आत आलं, की सगळं बंद. ओठ मिटलेले, नजर जमिनीवर, बोटांनी फ्रॉकची कड घट्ट धरलेली. डॉक्टर लोक याला आता काहीतरी नाव देतात, मी वाचलंय. तेव्हा आमच्यापाशी वेगळी नावं होती. आईच्या माहेरी, पार्श्याला, म्हणायचे की पोरीला दिष्ट लागली. शेजारी म्हणायचे लाजते. आणि शाळेत म्हणायचे आडमुठी आहे.

डिचोलीतल्या त्या इंग्रजी शाळेत मंजू दुसरीत होती आणि मी सातवीत. एके दिवशी शिपाईण मला वर्गातून बोलवायला आली. दुसरीच्या टीचरने मंजूला सांगितलं होतं की नाव सांग आणि मग बस. एवढंच. पण तेवढंच मंजूला जमणारं नव्हतं. शाळा भरल्यापासून ती उभी होती आणि मधली सुट्टी होऊन गेली होती. मी दारात पोचले तेव्हा तिच्या पायाखाली ओलं झालं होतं, मुलांनी बाकं लांब सरकवली होती, आणि टीचर फळ्यापाशी उभी राहून रडवेली झाली होती. वाईट बाई नव्हती ती. सुरुवात तिनेच केली होती आणि आता थांबावं कसं ते तिला कळत नव्हतं. मी मंजूला घेऊन बसने घरी आले. बसमध्ये जागा होती तरी ती बसली नाही, सर्वण येईपर्यंत दांड्याला धरून उभी राहिली. आईने काही न विचारता आंघोळ घातली, पेज वाढली, सोबत खारातली कैरी दिली. पेज जेवता जेवता मंजू अगदी सहज म्हणाली, "टीचरीक माझा नाव म्हायत आसा गे आई. रोज हजेरीत घेता मगे." आईच्या हातातला डाव तसाच राहिला. 

दुसऱ्या दिवशी आई-पप्पा हेडमिस्ट्रेसना भेटायला गेले. बाई समजुतीच्या होत्या, पण त्यांच्याही हातात फार काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तिला ओरडायचं नाही, उभं करायचं नाही, मग आम्ही करायचं काय ते तुम्हीच सांगा." शेवटी असं ठरलं की मंजूला वर्षभर घरी ठेवायचं, घरीच शिकवायचं, आणि पुढची शाळा सुरू व्हायच्या आधी परत आणायचं. हेडमिस्ट्रेससमोर तिने एक पान मोठ्याने वाचलं की तिसरीत प्रवेश. मराठीचं वाचो, इंग्रजीचं वाचो, कुठलंही. आणि नाही वाचलं तर? त्यावर बाईंनी पुढची फाईल उघडली, असं पप्पांनी रात्री जेवताना सांगितलं. एक पान! आम्हाला तेव्हा ते इतकं सोपं वाटलं की पप्पांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

मग सुरू झाली पुस्तकांची शोधाशोध. आई पार्श्याच्या मराठी शाळेत शिकलेली, बारावीपर्यंत गेलेली. तिचं म्हणणं असं की पोरीला परक्या भाषेत घातलं म्हणून तिची वाचा बसली, आपल्या भाषेत शिकवलं तर ती आपोआप बोलेल. पप्पांचं म्हणणं असं की जग पणजीच्या दिशेने चाललंय, उलट दिशेची बस पकडून कसं चालेल? रोज रात्री हा खटला उभा राहायचा. आईने शेजारच्या मुलांची जुनी मराठी पुस्तकं जमवली. पप्पांनी डिचोलीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून इंटरनेटवरचे घरच्या शाळेचे कागद छापून आणले, भला मोठा गठ्ठा. त्यात बर्फाचा माणूस रंगवायचा होता, पानगळीवर पाच वाक्यं लिहायची होती आणि सफरचंदाच्या बागेत किती टोपल्या भरल्या ते मोजायचं होतं. आईने ते कागद एकेक करून पाहिले आणि म्हणाली, "ह्यात काजी खय आसत?" पार्श्याच्या माणसाला काजूशिवाय बाग म्हणजे काय हे कळत नाही, तो तिचा दोष नाही. मामेभावाने मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ पाठवले, पण आमच्या घरात रेंज यायची ती फक्त फणसाखाली. आई, मी आणि मंजू फणसाखाली उभ्या राहून इंग्रजी उच्चार ऐकायचो. व्हिडिओतली बाई तोंड उघडायची आणि तसंच उघडं ठेवून अडकायची.

पणजीत एक बाई आपल्या मुलांना घरीच शिकवतात असं पप्पांना बसमधल्या कोणीतरी सांगितलं. आई मला घेऊन त्यांच्याकडे गेली, जाताना घरचे नारळ आणि केळीचा फणा घेऊन. बाई फार चांगल्या. त्यांची मुलं जमिनीवर पसरून मातीचे हत्ती करत होती. आईने विचारलं, "वेळापत्रक कसां करतात?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "वेळापत्रक नाहीच. मुलांना मोकळं सोडायचं. मूल स्वतःच सांगतं त्याला काय शिकायचंय." आई येताना सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. बस मांडवीचा पूल ओलांडून गेल्यावर ती म्हणाली, "मूल सांगता म्हणे. आमचा सांगीना म्हणून तर गेललय." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. परवा माझ्या लेकीसाठी शाळा बघायला गेले तर तिथल्या काउंटरवर निरनिराळ्या बोर्डांची चकचकीत पत्रकं मांडलेली. घ्या ताई, तुम्हीच निवडा.  मला आईचा तो खिडकीकडे वळलेला चेहरा दिसतो.

शेवटी पप्पा म्हणाले, "देवाक इचारूया." आमच्याकडे हा शेवटचा उपाय नसतो, बऱ्याचदा पहिलाच असतो. गावच्या देवळात मूर्तीला ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतात, देवासमोर प्रश्न ठेवतात आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघतात. याला प्रसाद लावणं म्हणतात. लग्न ठरवायला लावतात, विहीर खणायला लावतात. अभ्यासक्रम ठरवायला मात्र त्या देवळात पहिल्यांदा आम्हीच लावला असणार. उजवी पडली तर मराठी, डावी पडली तर इंग्लिश. घाडीमामांनी, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या म्हाताऱ्याने, पप्पांचं नाव घेऊन त्यांच्या लेकीसाठी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या लेकरान, रामनाथान, तुझ्या दारात येवन हात जोडल्यान आसत. तेच्या चेडवाक वाट दाखय म्हाराजा!" आणि देवळात होते नव्हते तेवढे सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मग आम्ही पाकळ्यांकडे बघत बसलो. पाकळ्या हलेनात. मांडी भरून आली. आईचे ओठ पुटपुटत होते, पप्पांचा घाम टिपून टिपून रुमाल भिजला. आणि अखेर पडल्या त्या दोन्ही एकदम. मी डोळ्यांनी पाहिलं. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. घाडीमामांनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "देवान दोनूय दिल्यान. दोनूय शिकवा."

झालं! देवाची आज्ञा कोण मोडणार? मंजूला सगळं दोनदा शिकावं लागलं. सकाळी मराठीत बेरीज, दुपारी इंग्रजीत तीच बेरीज. मराठीतला पाऊस आणि इंग्रजीतला पाऊस. वेळापत्रक आईने बसगाड्यांवर बसवलं, कारण आमच्या घरातलं घड्याळ मागे पडायचं पण बस सहसा मागे पडत नसे. पप्पांची पहिली बस रस्त्यावरून हॉर्न देत गेली की मराठी वाचन. साखळी गावाकडून येणारी गेली की गणित. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला की मधली सुट्टी. मी दीडच्या बसने शाळेतून आले की आई दोन शिट्या मारायची आणि मी हात धुवायच्या आधी इंग्रजीची टीचर व्हायची. शास्त्राचं पुस्तक आईला काही पटलं नाही. चवथ आली तेव्हा तिने गणपतीवर बांधायची माटोळी मंजूपुढे पसरली, कांगलं, माट्टुल्यो, घागऱ्यो, रानातली एकेक फळं आणि वेली, आणि म्हणाली, हे शास्त्र. मंजूने सगळी नावं एका दमात पाठ केली. आणि आरतीला पाहुणे आले तेव्हा मामाने कांगलं दाखवून विचारलं, "ह्या काय गो?" तर ती माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

शाळा म्हटली की प्रार्थना हवी. आईला इंग्रजी प्रार्थना येत नव्हती, आणि तिची पार्श्याच्या शाळेतली प्रार्थना अर्ध्यावर विसरली होती. मंजूनेच तोड काढली. तिला देवळातलं गाऱ्हाणं भारी आवडलं होतं, सगळ्यांनी मिळून ओरडायचं म्हणून असेल. म्हणाली, "पप्पा, तू घाडीमामा हो." तेव्हापासून रोज सकाळी कामावर निघायच्या आधी पप्पा खाकी शर्ट घालून, खांद्याला तिकिटांची बॅग लटकवून मेजासमोर उभे राहायचे, हात जोडायचे आणि सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा, आज आमच्या मंजूक आठाचो पाडो येवंदी म्हाराजा!" आम्ही तिघी ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" "मंजूच्या शाईचे डाग फ्रॉकार पडूक नाका म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "बशीत चिल्लर कमी पडूक नाका म्हाराजा!" त्यात सगळ्यात मोठा आवाज मंजूचा असायचा. मान मागे टाकून, डोळे मिटून ओरडायची. मला वाटतं, त्या वर्षात आम्ही पोटभर हसलो असू ते त्या सकाळच्या गाऱ्हाण्यातच. बाकीचा दिवस म्हणजे नुसती वाट बघणं होतं.

कारण मंजू शिकत होती सगळं, पण ज्यासाठी शिकवत होतो ते होत नव्हतं. ती घडाघडा वाचायची, दोन्ही भाषांत. फक्त घरात, आणि आम्हा तिघांपुढे. शांताकाकींची चप्पल ओसरीवर वाजली की वाक्य मध्येच तुटायचं. आईने मग बोलण्याचाही तास ठेवला. तिने ठरवलं की पोदेर आला की पाव मंजूने मागायचे. चार उंडे दे, एवढंच म्हणायचं. उंडे मंजूचे जीव की प्राण, कडक सालीचे, आत मऊ, चहात बुडवून खायची. पहिल्या दिवशी ती फाटकापाशी गेली. पोदेराने विचारलं, "कितले गो बाय?" मंजूने चार बोटं वर केली. आईने जनेलातून ओरडून सांगितलं, "बोटां नाका, तोंडान सांगांदी! नाय तर दिव नाका!" पोदेर बिचारा सायकलवर एक पाय टेकून थांबला. मंजू थांबली. पाखरं ओरडत होती, दुसऱ्या घरची माणसं पावासाठी हाका मारत होती. शेवटी पोदेर गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आम्ही सगळे कोरा चहा आणि कालची भाकरी खात होतो. भाकरी चावताना पप्पांचा जबडा जोरात हलायचा. आई म्हणायची, "भूक लागली की बोलात." मंजूला भूक लागत होती. तिने भाकरी खाल्ली, पेज खाल्ली, करपलेली पोळी पाण्यात बुडवून खाल्ली, पण पाव मागितला नाही. मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही, आणि बाहेर जाऊन पाहिलं तर फाटकाला पिशवी लटकत होती, आत गरम उंडे. पोदेर न थांबता पुढे निघून गेला होता. आईने पिशवी काढली, आत आणली, चहा ठेवला आणि चुलीकडे तोंड करून रडली. बोलण्याचा तास त्या दिवसापासून बंद झाला. मंजूला मी हल्लीच विचारलं, तुला आपली घरातली शाळा आठवते का? ती म्हणाली, "आठवता. पाव नसलेले दिवस आठवतत." मंजू अजूनही परका फोन आला की माझ्या हातात देते.

मे महिना सरत आला. कुळागरात जांभळं पडत होती, अंगणात आमसुलं वाळत होती, आणि आमच्या घरात कोणी मोठ्याने हसत नव्हतं. आईने दोन पानं निवडली, एक मराठीचं आणि एक इंग्रजीचं. मंजूला ती तोंडपाठ झाली, मला झाली, पप्पांना झाली. मांजराला बोलता आलं असतं तर त्यालाही झाली असती. आदल्या दिवशी आईने मंजूला ओसरीवर वाचायला लावलं, मग अंगणात, मग फणसाखाली. फणसाखालीही ती वाचली. आईच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी तसा उजेड पाहिला. तिने रात्री खीर केली. मंजूने वाटी चाटून साफ केली आणि उद्याचं विचारलं, "फाल्या मी वाचलय काय मग माका रोज बशीन जावचा?" पप्पा म्हणाले, "आमच्याच बशीन. तुका तिकीट नाय."

सकाळी पप्पांनी रजा टाकून इस्त्रीचा शर्ट घातला, पण सवयीने शिटी खिशात टाकलीच. हेडमिस्ट्रेसच्या खोलीत पंखा होता, कपाट होतं, आणि दारापाशी कारकून बाई काहीतरी टाइप करत बसली होती. हेडमिस्ट्रेसनी मंजूला जवळ बोलावलं, पेपरमिंट दिलं, आम्ही नेलेलं इंग्रजीचं पुस्तक पुढे केलं. मऊ आवाजात म्हणाल्या, "वाच बाळा, तुला हवं ते." मंजूने पुस्तक धरलं. योग्य पान उघडलं. बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं. आणि तिचे ओठ मिटले. मी तिच्या मागे उभी होते. मनातल्या मनात मी ते वाक्य वाचत होते, पुन्हा पुन्हा, जणू मी जोर लावला तर तिच्या घशातून निघेल. आईने मराठीचं पुस्तक पुढे सरकवलं. बोट सरळ पहिल्या ओळीखाली. आवाज नाही. आई म्हणाली, "काल फणसाखाली वाचला ओ तिणा. सगळा वाचला." हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, "खरं असेल. पण फणस मी इथे कुठून आणू?" त्या चिडून बोलल्या नाहीत, खरंच विचारत होत्या. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुस्तक मिटायला हात पुढे केला.

पप्पा उठले. "मॅडम," ते म्हणाले, "चेडू हुशार आसा. खोटा सांगणय नाय."  दिवसभर शेकडो माणसांवर ओरडणारा माणूस, पण त्या खोलीत त्यांचा आवाज बसला. आणि मग काय झालं कोण जाणे, त्यांचे हात आपसूक जुळले, मान खाली गेली आणि सूर रोज सकाळचा लागला. "ह्या आमच्या लेकराक एक वरस जसा जमला तसा शिकयला, तां गोड मानून घे, म्हाराजा." टाइप करण्याचा आवाज थांबला. कारकून बाईने तोंडावर रुमाल धरला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आईने पप्पांची बाही ओढली, पण पप्पांना कुठलं भान? "काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आवाज लहान होता, पण स्वच्छ होता. मंजूचे डोळे मिटलेले होते आणि मान किंचित मागे गेली होती. हेडमिस्ट्रेस खुर्चीत पुढे आल्या. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मंजू गप्प. पप्पांनी घाईघाईने पुढचं सुरू केलं, "हेका तिसरीत बसय म्हाराजा!" "व्हय म्हाराजा." "हेका कोण हसूक नाका म्हाराजा!" "व्हय म्हाराजा." आता पप्पांना थांबता येईना. ते थांबले की ती थांबणार, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. त्यांनी टीचरसाठी मागितलं, शाळेसाठी मागितलं. मागायचं संपलं तेव्हा ड्रायव्हरच्या पाठदुखीसाठी मागितलं, पार्श्याच्या काजूंच्या मोहोरासाठी मागितलं, पोदेराच्या सायकलीसाठी मागितलं. प्रत्येकाला मंजूचं व्हय म्हाराजा, न चुकता. आईसुद्धा हात जोडून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हेडमिस्ट्रेसनी पेन खाली ठेवलं होतं. मग पप्पांपाशी काहीच उरलं नाही. ते उभे राहिले, श्वास घेतला, आणि तोंडात येईल ते बोलले, "आमका कायच कळना, म्हाराजा. आमच्यान जायना. आमी हरलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मंजू म्हणाली, त्याच स्वच्छ आवाजात.

 हेडमिस्ट्रेसनी चष्मा काढून पुसला. "याला वाचन म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मंजूच्या हातातल्या न उघडलेल्या पेपरमिंटकडे पाहिलं. "पाठवा जूनमध्ये. मागच्या बाकावर बसेल. बोलेल की नाही, ते मला विचारू नका." आईने वाकून नमस्कार करायला सुरुवात केली तर त्यांनी तिचे हात धरले. आई म्हणाली, "घरात आमी आता काय शिकवचा?" "काही नको," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्यांनी ते दयेने म्हटलं. आईच्या तोंडावर मात्र कोणीतरी तिच्या हातातलं भांडं काढून घेतल्यासारखं दिसलं.

बसने परत आलो. पप्पांच्या जागी दुसरा कंडक्टर होता, त्याने तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. मंजू खिडकीशी गप्प बसली होती, पेपरमिंट गालात. सर्वणला उतरलो, फाटक उघडलं, आई पुढे, मग मंजू. उंबरठा ओलांडला मात्र, तिचं तोंड सुटलं. हेडमिस्ट्रेसच्या कपाटावर पाल होती, तुम्ही पाहिली नाही, मी पाहिली. पेपरमिंट तिखट होतं. मागच्या बाकावरून रस्ता दिसतो का? आणि मग मेजापाशी जाऊन, दोन्ही पुस्तकं ठेवता ठेवता, "पप्पा, तू कोणाकडे हरलस?"

पप्पांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं.  पप्पांनी खिशातून शिटी काढली. आता ही शाळा सुटली, एवढंच त्यांना म्हणायचं असावं, शब्दाने म्हणवत नव्हतं म्हणून. त्यांनी एक शिटी मारली.

पुन्हा पालीचं सांगू लागलेली मंजू वाक्याच्या मध्येच थांबली. ओठ मिटले, नजर जमिनीवर गेली, बोटं फ्रॉकच्या कडेला. घरात, आमच्या तिघांसमोर, तसं कधीच झालं नव्हतं. पप्पांनी घाईघाईने, दम लागेपर्यंत, दोन दोन शिट्या मारल्या.